वाचकांचे प्रश्न : ‘मॅडम, शेवटी औषध निघालं का?’

गेल्या महिन्यात माझी मुलाखत छापून आली आणि पाठोपाठ संपादकांनी पत्रांचा एक गठ्ठाच पाठवून दिला. जीवशास्त्राची प्राध्यापक म्हणून ३४ वर्षं मी वनस्पती आणि बुरश्यांमधली औषधी द्रव्यं शोधत होते, तेव्हा प्रश्न विचारण्याचं काम माझं होतं. आता फासे उलटे पडलेत. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही. केस, गुडघे आणि पित्त यांवर ‘एखादं झाड सांगा’ म्हणणारी पत्रं मी बाजूला ठेवली आहेत. मी डॉक्टर नाही.

मुलाखत आवडली, पण एक गोष्ट त्यात कुठेच आली नाही. इतक्या वर्षांत तुम्ही एकूण किती औषधं शोधून काढलीत?
— एक निवृत्त बँक कर्मचारी

एकही नाही.

तुम्ही बँकेत होतात, तेव्हा हिशेब मांडूनच दाखवते. माझ्या प्रयोगशाळेत साडेचार हजारांच्या आसपास अर्क तयार झाले. त्यातल्या दोनशेएक अर्कांनी जिवाणूंवर, बुरशीवर किंवा पेशींवर काहीतरी परिणाम दाखवला. त्यांतून शुद्ध करून हातात आली ती ६३ संयुगं. त्यातली ५२ आधीच कुणीतरी कुठेतरी शोधून ठेवलेली. उरलेल्या अकरांपैकी उंदरांपर्यंत पोचलं एक, आणि तिथेच ते संपलं.

त्या एकाची गोष्ट सांगते. पावसाळ्यात एका कुजक्या ओंडक्यावरून आम्ही एक पांढरट बुरशी आणली होती. पेट्री डिशमध्ये तिच्याभोवती जिवाणू फिरकत नव्हते, स्वच्छ गोल मोकळी जागा सुटायची. तिचा अर्क कर्करोगाच्या पेशींवर टाकला तर दोन दिवसांत पेशी साफ. आठवडाभर आमचे पाय जमिनीवर नव्हते. मग निरोगी पेशींवर टाकला, तर त्याही तितक्याच मात्रेत मेल्या. ‘अ‍ॅसिड ओतलं तरी पेशी मरतातच,’ हे माझ्या गाईडचं आवडतं वाक्य होतं आणि त्या दिवशी ते फार लागलं. तरीही रेणूत थोडे बदल करून पाहू म्हणून आम्ही नेट धरला. तोवर बुरशीनंच हात वर केले. एका स्लँटवरून, म्हणजे बुरशी वाढवायच्या नळीतून, दुसऱ्या स्लँटवर, असं नवव्या-दहाव्या वेळी वाढवल्यावर ती दिसायला तशीच, वाढायची तशीच, पण ते द्रव्य बनवेना. प्रयोगशाळेत वाढवलेल्या बुरश्यांचं असं होतं. आयतं खायला मिळतंय, शेजारी कुणी शत्रू नाही, मग महागडं शस्त्र घडवायचं कशाला? उंदरांसाठी लागणारं द्रव्य जमवताना आमच्या नाकी नऊ आले, आणि उंदरांच्या यकृतावर झालेला परिणाम पाहिल्यावर ते काम मीच थांबवलं.

हे रडगाणं वाटू नये म्हणून ज्यांना यश मिळालं त्यांचाही हिशेब पाहा. अमेरिकेतल्या पॅसिफिक यू या सूचिपर्णी झाडाची साल १९६२ मध्ये गोळा केली गेली. मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी त्यातल्या टॅक्सॉल या कर्करोगविरोधी द्रव्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. ते पेशीत नेमकं काय करतं, हे सुझन हॉरविट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवलं : पेशी दुभंगताना लागणाऱ्या सूक्ष्मनलिकांचा सांगाडा ते घट्ट आवळून ठेवतं, तो सुटतच नाही, आणि पेशीचं विभाजन अडकून पडतं. अंडाशयाच्या कर्करोगासाठी मंजुरी मिळाली ती १९९२ च्या अखेरीस. साल सोलल्यापासून ३० वर्षं. आणि हे जगातल्या सर्वांत यशस्वी उदाहरणांपैकी एक आहे.

मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठ महिने कॉलम (अर्कातली द्रव्यं वेगळी करणारी नळी) चालवून पांढरेशुभ्र स्फटिक मिळाले, आणि ते बीटा-सिटोस्टेरॉल निघालं. रडू येतं. काय करू?
— एक संशोधक विद्यार्थिनी

आधी रडून घे. मग प्रयोगशाळेतल्या सीनियरना विचार, त्यांनाही हेच मिळालेलं असणार. बीटा-सिटोस्टेरॉल जवळजवळ प्रत्येक झाडात असतं. वेगळं करायला सोपं, स्फटिक देखणे, त्यामुळे आपल्या धंद्यात प्रत्येकाची पहिली भेट त्याच्याशीच होते. त्याच्यामागे उर्सोलिक आम्ल रांगेत उभं असतंच, तयारीत राहा.

तुला बरं वाटावं म्हणून माझी फजिती सांगते. माझं पहिलं ‘नवीन संयुग’ मी विभागाच्या सेमिनारमध्ये मोठ्या ऐटीत मांडलं. मास स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे रेणूंच्या वजनाच्या आलेखात, १४९ वर ठसठशीत शिखर. शेवटी रसायनशास्त्राचे एक वयस्क प्राध्यापक उठले आणि फार प्रेमानं म्हणाले, ‘बाई, सॉल्व्हंटसाठी नळी कुठली वापरता?’ प्लास्टिकची. त्यातून उतरलेलं थॅलेट, प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन, मी झाडाच्या नावावर खपवलं होतं! त्यानंतर १४९ हा आकडा बसच्या पाटीवर दिसला तरी माझे कान गरम व्हायचे.

आता कामाचं. कॉलम भरण्याआधी अर्काचा मास स्पेक्ट्रम काढ आणि माहीत असलेल्या संयुगांच्या संग्रहाशी ताडून बघ. माझ्या उमेदीच्या काळात ही सोय नव्हती, तुला आहे. दुसरं, अर्कातले टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्यं, आधी काढून टाक. ते दिसेल त्या प्रथिनाला चिकटतात आणि प्रत्येक चाचणीत ‘परिणाम आहे, परिणाम आहे’ असा गलका करतात. माझं एक पूर्ण वर्ष टॅनिननी खाल्लंय. तिसरं, अर्कातला सॉल्व्हंट उडवणाऱ्या रोटाव्हेपरचं पाणी ४० अंशांच्या वर नेऊ नकोस, कितीही घाई असली तरी. आणि आठ महिने वाया गेले असं गाईडना म्हणू देऊ नकोस. कॉलम चालवायला हात बसला आहे तुझा, तो कुठल्याही पुस्तकातून बसत नाही.

झाडं माणसासाठी औषध का बनवतात? वर्गात मुलांनी विचारलं आणि मला धड सांगता आलं नाही.
— एक माध्यमिक शिक्षक

बनवत नाहीत, सर. मुलांना हेच सांगा आणि त्यांचे चेहरे बघा.

झाडाला पळता येत नाही. अळी आली, बुरशी लागली, शेळीनं तोंड घातलं, तर त्याच्याकडे उपाय एकच : कडू व्हायचं, विषारी व्हायचं, पचायला जड व्हायचं. आपण ज्याला औषधी द्रव्य म्हणतो ते बहुतेक वेळा दुसऱ्या कुणासाठी घडवलेलं विष असतं. थोड्या मात्रेत ते आपल्या कामी येतं, हा योगायोगही नाही म्हणा, कारण अळीच्या आणि आपल्या पेशींची यंत्रणा मुळात सारखीच आहे. सदाफुलीची अल्कलॉइडं घ्या. कॅनडातले रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर तिची पानं मधुमेहासाठी तपासत होते. रक्तातली साखर हलली नाही, पण उंदीरवर्गी प्राण्यांच्या पांढऱ्या पेशी भराभर कमी झाल्या. दुसरा एखादा ‘निष्फळ’ असा शेरा मारून वही मिटता. त्यांनी उलटा विचार केला : पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्या रक्ताच्या कर्करोगात हे चालेल का? १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन जगासमोर आलं, आणि तिच्यातलंच व्हिनक्रिस्टिन आजही मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरलं जातं.

बुरशी तर याहून भांडखोर. ती आपलं अन्न शरीराबाहेर पचवते, म्हणजे विरघळवलेलं सगळं उघड्यावर पडलेलं. शेजाऱ्यांना दूर ठेवल्याशिवाय तिच्या तोंडी काही लागायचं नाही. जपानमधल्या अकिरा एंडो यांनी नेमका हाच धागा पकडला. त्यांचा तर्क असा, की दुसऱ्याचं स्टेरॉल (कोलेस्टेरॉल ज्या गटातलं, ती द्रव्यं) बनवण्याचं काम बंद पाडणारं द्रव्य एखादी तरी बुरशी बनवत असलीच पाहिजे. सुमारे दोन वर्षांत ६,००० प्रकार तपासल्यावर १९७३ मध्ये एका निळसर-हिरव्या पेनिसिलियममधून त्यांना कॉम्पॅक्टिन मिळालं, कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधांतलं पहिलं. गंमत अशी की उंदरांवर ते चालेचना. मग कोंबड्यांवर करून पाहिलं, आणि तिथे कोलेस्टेरॉल उतरलं. मी विद्यार्थ्यांना कोंबड्यांची ही गोष्ट दरवर्षी सांगत आले. ६,००० चा आकडा ते विसरायचे, कोंबड्या नाही.

आमच्या घरी प्रत्यारोपणाचा रुग्ण आहे. कुणीतरी मशरूमची आणि वनौषधींची पावडर दिली आहे. नैसर्गिक आहे म्हणजे अपाय तर नाही ना?
— एक वाचक

ती पावडर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एक चमचाही देऊ नका. हे उत्तर मी गोड शब्दांत देणार नाही.

तुमच्या रुग्णाला बहुधा रोगप्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन किंवा तशाच कामाचं दुसरं औषध चालू असेल. सायक्लोस्पोरिन हे स्वतः बुरशीचं द्रव्य. १९६९ मध्ये नॉर्वेच्या हार्डांगरव्हिडा पठारावरून आणलेल्या मातीतल्या बुरशीतून ते मिळालं. याच बुरशीचं दुसरं रूप भुंगेऱ्याच्या अळीवर वाढतं, हे कळायला १९९६ उजाडलं. आता युरोपात उदासीनतेवर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती पाहा. ती यकृतातली औषधं मोडून टाकणारी विकरं वाढवते. २००० साली हृदयप्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला : ही वनस्पती सुरू केल्यावर रक्तातलं सायक्लोस्पोरिन घसरलं आणि शरीर नवं हृदय नाकारू लागलं. दोन्ही गोष्टी ‘नैसर्गिक’च होत्या. शिवाय रोगप्रतिकारशक्ती ‘वाढवणारं’ म्हणून विकलं जाणारं काहीही, ती मुद्दाम दाबून ठेवलेल्या माणसाला का द्यायचं, याचाही विचार करा.

दुसरी भीती मला जास्त वाटते, ती म्हणजे पुडीत खरोखर काय आहे याची. १९९० च्या सुमारास ब्रसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या उपचारासाठी गेलेल्या बायकांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. शोध घेतल्यावर कळलं, की गोळ्यांत स्टेफानिया नावाच्या चिनी वनस्पतीऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया गेली होती. चिनी भाषेत दोघींची नावं जवळजवळ सारखी, एक ‘हान फांग जी’, दुसरी ‘ग्वांग फांग जी’. दुसरीतलं आम्ल मूत्रपिंड तर नासवतंच, शिवाय मूत्रमार्गाचा कर्करोगही करतं. शंभरावर बायका यात सापडल्या. एका शब्दाचा घोटाळा! भुकटी झाल्यावर झाड ओळखायला पान राहत नाही, फूल राहत नाही. मला स्वतःला भुकटी दिली तर नुसत्या डोळ्यांनी मी काहीही सांगू शकणार नाही.

सोबत अंगणात उगवलेल्या अळंबीचा फोटो आहे. खाण्याजोगी आहे का?
— एक गृहिणी

फोटोवरून सांगत नाही, कुणी सांगितलं तर ऐकू नका, आणि ‘शिजवलं की विष जातं’ हे तर मुळीच नाही : अमानिटा गटातल्या विषारी अळंबीचं विष उकळून जात नाही आणि उलट्या सुरू होतात तोवर यकृताचं नुकसान होऊ लागलेलं असतं.

जुन्या ग्रंथांतली किंवा वैदू मंडळींकडची माहिती संशोधनात खरंच उपयोगी पडते, की ते आपलं म्हणायला?
— एक इतिहासाचे प्राध्यापक

पडते, पण ती वाचता यावी लागते. चीनच्या तू योयो यांचं उदाहरण सगळे देतात, मीही देते, कारण त्यातला बारकावा बहुतेकांकडून सुटतो. मलेरियावर चिंगहाव ही वनस्पती चालते असं जुन्या ग्रंथांत होतं. अर्क काढला की कधी परिणाम दिसायचा, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गे हुंग यांच्या ग्रंथात मूठभर चिंगहाव पाण्यात भिजवून पिळून प्यायला सांगितलं होतं. उकळायला नव्हे. तू योयोंच्या लक्षात आलं की उष्णतेनं द्रव्य मरत असावं. १९७१ मध्ये त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरनं अर्क काढला आणि आर्टेमिसिनिनची वाट मोकळी झाली. २०१५ चं नोबेल त्यावरचं. त्या संशोधक विद्यार्थिनीला वर ४० अंश सांगितले ते उगाच नाही.

सर्पगंधेचंही तसंच. रक्तदाब ती किती उतरवते हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आकडेवारीनिशी मांडलं, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाचे डोळे उघडले. तिच्यातलं रिसर्पिन हे द्रव्य वेगळं झालं १९५२ मध्ये.

तुमच्या प्रश्नात मात्र एक काटा आहे, तो मला टोचला. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका म्हाताऱ्या बाईंनी मला एक वेल दाखवली होती. कुठला भाग, कुठल्या महिन्यात, ओला की वाळलेला, सगळं नीट सांगितलं. ‘फुलं यायच्या आधी काढ, मग त्यात दम राहत नाही,’ असं त्या म्हणाल्या होत्या. आम्ही मोजून पाहिलं तर बाईंचं बरोबर होतं, फुलोऱ्यानंतर द्रव्य निम्म्यावर यायचं. पेपरमध्ये मी लिहिलं : ‘स्थानिक माहितीनुसार.’ बस, इतकंच. त्यांचं नाव माझ्या वहीत होतं. तेव्हा तशी पद्धत होती, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. १९९२ चा जैवविविधता करार, आपला २००२ चा कायदा, हे सगळं पुढे आलं. आता अशा माहितीचा मोबदला आणि श्रेय हा कागदोपत्री विषय आहे. पण नाव लिहायला कायदा लागत नव्हता. पुन्हा गेले तेव्हा त्या नव्हत्या.

औषधासाठी झाडं तोडली जातात, हे तुम्हाला पटतं का?
— एक वृक्षमित्र

नाही, आणि आमच्या क्षेत्राचे हात यात स्वच्छ नाहीत. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी सदाफुलीची सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात. सदाफुली निदान शेतात लावता येते. यूची साल सोलली की झाड मरतं, आणि ते वाढतंही अगदी संथ. तिथे सुटका झाली ती फ्रान्समधल्या पिएर पोतिए यांच्या गटामुळे. त्यांनी युरोपीय यूच्या सुयांसारख्या पानांतून टॅक्सॉलच्या अलीकडचा रेणू काढला आणि उरलेलं काम रसायनशाळेत केलं. पानं पुन्हा येतात. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडाला अशी सुटका वेळेत मिळाली नाही. त्यात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य आहे हे १९७२ मध्ये कळलं आणि पुढे त्याची बेसुमार तोड झाली. ‘हे द्रव्य या झाडात आहे’ असं छापणारा प्रत्येक पेपर तोडणाऱ्यालाही पत्ता देत असतो. म्हणून दुर्मीळ झाडांच्या बाबतीत मी शेवटी शेवटी जागेचे तपशील छापणंच बंद केलं. काही संपादकांशी त्यावरून वाजलंही.

झाडाच्या आत राहणाऱ्या बुरशीकडून तेच द्रव्य बनवून घ्यावं, ही कल्पना मोहक आहे. १९९३ मध्ये यूच्या सालीतल्या एका बुरशीत टॅक्सॉल सापडल्याचं जाहीर झालं तेव्हा मीही नाचले होते. पुढे अशा बुरश्यांचे जनुक तपासले, तर टॅक्सॉल बनवायची यंत्रणाच दिसेना. मी स्वतः यात तीन वर्षं घातली आणि माझ्या बुरशीनंही पहिल्या दोन पिढ्यांनंतर हात झटकले. आज मला वाटतं, पहिल्या पिढीतलं ते द्रव्य सालीतूनच सोबत आलेलं असावं.

मला तुमच्यासारखं व्हायचं आहे. आत्तापासून काय शिकू?
— दहावीतली एक मुलगी

लेबल लिहायला शीक. चेष्टा नाही करत. मला लहानपणापासून मराठी आकडे काढायची सवय. नोकरीच्या पहिल्या वर्षी घाईत काढलेला माझा १ आणि ९ एकमेकांत गेले, आणि सहा महिने मी भलत्याच झाडावर काम केलं. तेव्हापासून बाटलीवर आकडा अक्षरी लिहिते, ‘नऊ’. कोरड्या पेन्सिलीनं लिही, शाई मिथेनॉलमध्ये वाहून जाते. आणि प्रत्येक झाडाची फुलासकट एक फांदी दाबून, वाळवून, कुणी, कधी, कुठून आणली ते लिहून हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात, ठेव. पन्नास वर्षांनी कुणाला शंका आली, तर तुझ्या शब्दापेक्षा ती फांदी जास्त बोलेल. रसायनशास्त्राचा कंटाळा येत असेल तर तो मात्र आत्ताच घालव.

तुम्ही निवृत्त झालात, मग त्या साडेचार हजार अर्कांचं काय झालं?
— तेच निवृत्त बँक कर्मचारी (यांनी दुसरं पत्र पाठवलं आहे)

हिशेब सोडत नाही तुम्ही! बरेचसे अर्क उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये आहेत, एका उन्हाळ्यात वीज गेली तेव्हा सातशेएक नासले तेवढे सोडून. हर्बेरियम शीट सगळ्या शाबूत आहेत. माझ्या जागी आलेल्या प्राध्यापिका जुने अर्क पुन्हा तपासतायत. आम्ही जिवाणू आणि कर्करोगाच्या पेशी पाहिल्या, त्या आता परजीवींवर करून बघतायत. एका जुन्या बुरशीचा जनुकसंच वाचला, तर द्रव्यं बनवणाऱ्या जनुकांचे चाळीसहून जास्त गट निघाले. माझ्या कारकिर्दीत तिनं मला त्यातली दोनच द्रव्यं दाखवली होती, लबाड.

मागच्या आठवड्यात त्यांच्या विद्यार्थ्यानं फोनवर एका नळीचा फोटो पाठवला. पहिल्या वर्षातली नळी, माझंच अक्षर. ‘मॅडम, अर्क चांगला चाललाय. फक्त हा १ आहे की ९?’ चष्मा लावून, मोठा करून, उजेडात धरून पाहिलं. मी त्याला दोन्ही शीट काढायला सांगितल्यात.